पार्टी आहे म्हणून जेवण टाळताय? दारू, वजन आणि कॉलेजची वर्षं

बसमध्ये उभे असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रूमवर पंख्याकडे बघत पडला असाल, इअरफोन नीट लावून घ्या. आजचा विषय घरी स्पीकरवर लावलात तर पंचाईत होईल. विषय आहे दारू आणि वजन.

आधीच सांगतो, प्रवचन द्यायला मी बसलेलो नाही. त्या कामाला आई-बाबा, वॉर्डन आणि गावाकडचे काका पुरेसे आहेत. मी डॉक्टरही नाही. वाचतो, जाणकारांना विचारतो आणि आपल्या भाषेत सांगतो, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे.

हा विषय आला तुमच्याच मेसेजेसमधून. तीन प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेत. पहिला : "दादा, शनिवारी बसायचं असलं की मी दुपारपासून काही खात नाही. कॅलरीज बॅलन्स होतात ना?" दुसरा : "जिम चालू आहे, फक्त वीकेंडला घेतो, तरी पोट का जात नाही?" आणि तिसरा : "बिअर सोडून व्हिस्कीवर आलो तर वजन कमी होईल का?"

आपण उलटे जाऊ. तिसरा सगळ्यात सोपा आहे. पहिला सगळ्यात गंभीर आहे, म्हणून तो शेवटी घेतो. तोवर थांबा, कारण आजचा खरा मुद्दा तिथेच आहे.

बिअर की व्हिस्की?

यासाठी एक छोटा हिशेब शिकून घ्या. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. ८ टक्के म्हणजे १०० मिलीमध्ये ८ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे १ मिली म्हणजे साधारण ०.८ ग्रॅम. आणि अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून मिळतात ७ कॅलरी. साखर, पीठ, प्रोटीन यांच्या एका ग्रॅमला ४ आणि तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९. म्हणजे दारू साखरेपेक्षा तेलाच्या जवळ बसते.

आता लावा हिशेब. ६५० मिलीची, ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर. अल्कोहोल ५२ मिली, म्हणजे ४१-४२ ग्रॅम, म्हणजे २९० कॅलरींच्या आसपास. त्यात बार्लीतून आलेले कार्ब्ज वेगळे. एक बाटली धरा साडेतीनशे.

व्हिस्की, रम : आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या पेगमध्ये २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १४० कॅलरी. क्वार्टर म्हणजे १८० मिली, तीन पेग. सव्वाचारशे कॅलरी. मेसच्या साध्या चपातीच्या साधारण शंभर धरल्या तर एक क्वार्टर म्हणजे चार चपात्या. फरक एवढाच की चार चपात्यांनी पोट भरतं.

आणि एक गोष्ट लक्षात आली का? स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत दोन लार्ज पेगांएवढं अल्कोहोल असतं. "बिअर म्हणजे काय दारू थोडीच" असं म्हणणाऱ्या मित्राला हा हिशेब पाठवा.

तर उत्तर : बाटली बदलून फारसं काही होत नाही. त्यात व्हिस्कीत कोल्ड्रिंक टाकलंत, तर २०० मिलीमागे वीसेक ग्रॅम साखर आणि ८५ कॅलरी वर. हिशेब परत बिअरपाशी.

पोट का जात नाही?

आता दुसरा प्रश्न. इथे नुसत्या कॅलरी मोजून भागत नाही, शरीर कोणतं काम आधी करतं ते बघावं लागतं.

जास्तीची साखर शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ठेवतं, चरबी कंबरेवर ठेवतं. अल्कोहोल ठेवायला मात्र शरीरात जागाच नाही. सरकारी दवाखान्यात ॲक्सिडेंटची केस आली की ओपीडीची रांग थांबते ना, तसं होतं. लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवतं आणि आधी अल्कोहोलला हात घालतं. त्याचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, हा विषारी पदार्थ. मग त्याचं ॲसिटेट होतं. हे ॲसिटेट रक्तातून अंगभर फिरतं आणि इंधन म्हणून जळतं. ते जळत असतं तोवर चरबी रांगेत उभी.

१९९९ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी हे मोजलं. निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे आपला एक लार्ज पेग आणि वर थोडी. पुढचे काही तास शरीराचं चरबी जाळणं तब्बल ७३ टक्क्यांनी कमी झालं. गंमत म्हणजे त्या अल्कोहोलपैकी ५ टक्क्यांहूनही कमी भागाची चरबी बनली. म्हणजे "दारूची चरबी होते" हे वाक्य अर्धवट आहे. दारूची स्वतःची चरबी फारशी होत नाही. ती बाकीची चरबी जळू देत नाही. त्याआधी १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी पूर्ण चोवीस तास माणसांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांच्या जेवणात अल्कोहोलची भर घातल्यावर दिवसभरातलं चरबी जळणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं.

आता विचार करा, त्या वेळात तुमच्या पोटात काय जात असतं? तळलेलं. मसाला शेंगदाणे, शेव, चकली, फ्राइज. म्हणजे चरबीची आवक चालू आणि जावक बंद. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम आहे. म्हणजे सहा ते आठ तास. तुम्ही झोपलात तरी त्याची ड्यूटी चालूच.

वर भूक लागते ती वेगळीच. २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. मेंदूतल्या ज्या पेशी उपासमारीत "खा, खा" असा आरडाओरडा करतात, त्याच पेशी अल्कोहोलने जाग्या होतात असं दिसलं. उंदीर आणि माणूस सारखे नाहीत, मान्य. पण रात्री एक वाजता भुर्जीच्या गाडीवर उभं राहून तिसरा पाव मागणाऱ्या माणसाला हे सहज पटेल.

मी एका रात्रीचा अंदाजे हिशेब मांडला. क्वार्टर, सव्वाचारशे. कोल्ड्रिंक ४०० मिली, १७०. मसाला शेंगदाणे ५० ग्रॅम, पावणेतीनशे ते तीनशे. बंद होता होता दोन अंड्यांची भुर्जी आणि दोन पाव, साडेचारशे. बेरीज साडेतेराशेच्या आसपास. यात दारूचा वाटा किती? एक तृतीयांशाच्याही किंचित खाली. बाकीचं सगळं दारूच्या हाताला धरून आलेलं.

जिमवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला. व्यायामानंतर भरपूर दारू घेतली, तर सोबत प्रोटीन घेऊनही स्नायू बांधायचं काम साधारण २४ टक्क्यांनी मंदावलं. म्हणजे शनिवारी संध्याकाळी लेग डे आणि रात्री पार्टी, या जोडीत पायांना हवं ते मिळत नाही. शिवाय दारूने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते. अर्धवट झोपेनंतर रविवारी दिवसभर हात आपोआप गोड आणि तळलेल्या पदार्थांकडे जातो.

मग वजन नक्की किती वाढतं?

इथे जरा प्रामाणिक राहू. अमेरिकेत "फ्रेशमन फिफ्टीन" असा शब्दप्रयोग फार जुना आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी १५ पौंड, म्हणजे जवळपास ७ किलो वजन वाढतं, अशी समजूत. प्रत्यक्षात २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा सरासरी वाढ निघाली १.३६ किलो. सगळ्यांचं वाढलंही नव्हतं. साधारण ६१ टक्के विद्यार्थ्यांचं वाढलं आणि त्यांची सरासरी होती ३.४ किलोच्या आसपास. २०११ च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात तर खूप पिणाऱ्या विद्यार्थ्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा एक पौंडही जास्त वाढलेलं नव्हतं.

आता काही जण खूश झाले असतील. थांबा जरा.

काटा फक्त वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. आणि आपल्या बाबतीत तर हा फरक फारच महत्त्वाचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघेही एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! भारतीय माणूस बारीक दिसतो, पण आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो, हे या एका फोटोने जगाला दाखवलं.

म्हणून आपल्यासाठी वजनाच्या रेषाही खाली ओढल्यात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरपर्यंत, बायकांची ८० पर्यंत. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट, हे रूप हॉस्टेलमध्ये काही कमी दिसत नाही. त्यात दारू आली की एकाच लिव्हरवर दोन बाजूंनी भार. चरबी इकडून, अल्कोहोल तिकडून.

आणि "आमच्या गल्लीतला तो रोज पिणारा माणूस तर काडीसारखा आहे" हेही उत्तर नाही. वर्षानुवर्षं खूप पिणाऱ्याचं जेवण सुटतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, जीवनसत्त्वं कमी पडतात, स्नायू झडतात. ते बारीक होणं म्हणजे झिजणं आहे.

आता तो पहिला प्रश्न

"दुपारपासून खात नाही, कॅलरीज बॅलन्स होतात ना?"

कागदावर होतात. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं सोडलं की आठशे-हजार कॅलरी वाचतात आणि त्या पार्टीत खर्च करता येतात. मोबाईलवरचं कॅलरी ॲपही हिरवा आकडा दाखवेल. पण तुमचं शरीर ॲप नाही.

रिकाम्या पोटात नेमकं काय होतं ते ऐका. अल्कोहोल जठरातून हळूहळू शोषलं जातं आणि लहान आतड्यातून झपाट्याने. पोटात जेवण असेल तर जठराचं खालचं दार अल्कोहोलला बराच वेळ अडवून धरतं. पोट रिकामं असेल तर ते सरळ आतड्यात उतरतं. तेवढीच दारू, पण रक्तातली पातळी बरीच वर जाते आणि लवकर जाते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मुलाएवढी दारू घेतली तरी रक्तातलं प्रमाण जास्त निघतं. उपाशी, बारीक आणि घाईघाईने तीन पेग, ही जोडी फार वाईट.

दुसरं त्याहून लपून होतं. आपण बराच वेळ जेवलो नाही की लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. तो साठा संपत आला की नवी साखर तयार करतं, म्हणजे मेंदू चालू राहतो. अल्कोहोल नेमकं हे नवी साखर बनवण्याचं काम रोखतं. मग रक्तातली साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं, तोल जाणं, गुंगी. आता सांगा, बाहेरून हे कसं दिसतं? चढल्यासारखं! मित्र म्हणतात, "टाईट झालाय, झोपू दे त्याला." त्या झोपू देण्यात धोका आहे.

आणि जेवण सोडून वजन तरी उतरतं का? दिवसभर प्रोटीन नाही, रात्री चरबी जळणं बंद, एक वाजता भुर्जी, दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत अंथरुणात आणि मग उठल्यावर वडापाव. म्हणजे स्नायूंना काही मिळालं नाही आणि पोटावरची चरबी तिथेच राहिली. वाचवलेल्या कॅलरी बहुतेक वेळा त्याच रात्री परत येतात.

दारूसाठी जेवण सोडण्याच्या या सवयीला इंग्रजी पेपरवाल्यांनी "ड्रंकोरेक्सिया" असं नाव दिलंय. तो अधिकृत आजार नाही. पण ज्यांना खाण्याबद्दल सतत अपराधी वाटतं, आरशात बघून स्वतःची चीड येते, त्यांच्यात ही सवय जास्त मुरते. खाल्लं म्हणून स्वतःला शिक्षा, प्यायलं म्हणून पुन्हा उपास. तुमच्या रूमवर असं कुणी असेल तर "डाएटवर आहे" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आणि "वा, किती बारीक झालीस!" हेही म्हणू नका. "जेवलीस का?" एवढं विचारा आणि ताट वाढा.

लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

एक. प्यायची असेल तर आधी जेवा. चखणा नाही, जेवण. वरण-भात, अंडी, उसळ-पोळी, जे मिळेल ते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे मला माहीत आहे. निदान दुपारचा डबा थोडा राखून ठेवा. मात्र जेवलो म्हणून काही दारू निरुपद्रवी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. कॅन्सरचं कारण म्हणून तिचं नाव १९८८ पासून यादीत आहे.

दोन. कुणी उठवून उठत नसेल, श्वास मंद किंवा थांबत थांबत येत असेल, अंग गार पडलं असेल, तर १०८ ला फोन. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. लिंबू-पाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, बोटं घालून उलटी, यातलं काहीही करू नका. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे कॉलेजातले बरेच जण लपूनच पितात. मग वॉर्डनला कळेल, घरी कळेल, या भीतीने फोन करत नाहीत. कळू दे. ओरडा खाऊन माणूस जिवंत राहतो.

तीन. "सगळेच पितात" हे डोक्यातून काढा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १९ टक्क्यांच्या आसपास पुरुष दारू पितात असं निघालं. बायकांमध्ये जेमतेम १ टक्का. म्हणजे पाच पुरुषांमध्ये चार पीत नाहीत. पार्टीत फक्त चखणा संपवणारा तो मित्र तुम्हाला एकटा वाटतो, पण देशाच्या हिशेबात बहुमत त्याचंच आहे.

चार. थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल, तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, १४४४६. खाण्याबद्दल, शरीराबद्दल, मनाबद्दल बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण याच कामात आहे. लिहून घ्या. स्वतःला नाही लागलं तर रूममेटला लागेल.

आणि ज्या मुलीनं तो पहिला मेसेज पाठवला होता तिला एवढंच सांगतो, त्या शनिवारच्या दुपारी जेवून घे बाई. पार्टीला जा, नको जाऊ, एक घे, नको घेऊ, ते तुझं तू ठरव. पण जेवून ठरव.

आजच्यासाठी इथेच थांबतो. हा भाग तुमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाका, शक्यतो शनिवार दुपारच्या आत. प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलंत तरी चालेल. पुढच्या भागात झोपेवर बोलणार आहोत. रात्री तीनपर्यंत रील्स बघणारे, तुम्ही नक्की या. भेटूया!